काचबिंदूसाठी दोन औषधांचे एकत्र थेंब सुरू झाले आहेत. जुनी बाटलीही चालू ठेवायची का?

शिरोड्याची_सून यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या सासूबाई शिरोड्याला राहतात, त्यांचे वय ७१ आहे. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू असल्याचे निदान काही वर्षांपूर्वी झाले आणि तेव्हापासून त्या टिमोलॉलचे थेंब सकाळ-संध्याकाळ घालत आल्या आहेत. गेल्या तपासणीत उजव्या डोळ्याचे प्रेशर २४ आणि डाव्याचे २२ निघाले, शिवाय फील्ड टेस्टमध्ये (कडेचे किती दिसते ते मोजणाऱ्या तपासणीत) उजवीकडे थोडी घट दिसली, म्हणून डॉक्टरांनी नवी बाटली लिहून दिली. तिच्यावर डॉर्झोलामाइड २ टक्के आणि टिमोलॉल ०.५ टक्के असे छापलेले आहे. नवी चिठ्ठी फाइलमध्ये जुन्या चिठ्ठीवरच टाचलेली आहे, पण जुन्या थेंबांबद्दल तिच्यात एक अक्षर नाही. ते बंद करा असेही नाही आणि चालू ठेवा असेही नाही. सासूबाईंनी त्याचा अर्थ असा लावला की नवे औषध जुन्याच्या जोडीला दिले आहे, आणि म्हणून त्या दोन्ही बाटल्यांतले थेंब लागोपाठ घालतात.

त्यांना रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलची गोळी चालू आहे. दम्याचे निदान कधी झालेले नाही, मात्र पावसाळ्यात खोकला धरला की तो महिनाभर सुटत नाही. अलीकडे त्यांना फार गळल्यासारखे वाटते आणि अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. घरच्या मशीनवर रक्तदाब ठीक दिसतो, पण नाडीचा आकडा ५२-५३ च्या वर जात नाही. माझे यजमान म्हणतात की उन्हाळ्यात या वयात एवढे चालायचेच. मला मात्र या थकव्याचा आणि थेंबांचा काही संबंध असेल का, अशी शंका येते. दोन्ही बाटल्या चालू ठेवाव्यात का, आणि असे संयुक्त थेंब सुरक्षितपणे वापरण्यासाठी काय काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_फार्मासिस्ट_म्हापसा

ताई, आपण बाटलीवरचा मजकूर जसाच्या तसा लिहिलात हे फार बरे केले, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. नव्या बाटलीत टिमोलॉल आहेच. याचा अर्थ सासूबाईंच्या प्रत्येक डोळ्यात तेच औषध दिवसातून दोनदा जायचे ते चार वेळा जात आहे, आणि पोटात जाणारे मेटोप्रोलॉल हेही त्याच कुळातले, म्हणजे बीटा ब्लॉकर आहे. ही औषधे हृदयाचे ठोके मंदावतात. नाडी मंद असणे, गळाल्यासारखे वाटणे आणि उठताना अंधारी येणे या तिन्ही गोष्टी एकत्र दिसत असतील, तर उन्हाळ्याला दोष देण्याआधी या औषधांकडे पाहायला हवे.

टिमोलॉल ०.५ टक्के दिवसातून दोनदा यापलीकडे वाढवले तरी डोळ्यांचे प्रेशर आणखी उतरत नाही; वाढतो तो फक्त शरीरावरचा परिणाम. म्हणून टिमोलॉल असलेले कॉम्बिनेशन जेव्हा लिहून दिले जाते, तेव्हा नुसत्या टिमोलॉलची बाटली त्याने बदलली जाणे अपेक्षित असते. तरीही हे आपण घरी ठरवू नये, डॉक्टरांच्या तोंडून ऐकावे. आज संध्याकाळचे थेंब घालण्यापूर्वी दवाखान्यात फोन करा, दोन्ही बाटल्यांवरची औषधांची नावे वाचून दाखवा, नाडीचा आकडा आणि रक्तदाबाच्या गोळीचे नावही सांगा. रक्तदाबाची गोळी देणाऱ्या डॉक्टरांनाही हेच कळवा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, कारण मेटोप्रोलॉल एकदम तोडल्याने रक्तदाब आणि छातीचे दुखणे उसळू शकते. घेरी येऊन पडणे, धाप लागणे, छातीत दुखणे किंवा नाडी ५० च्या खाली जाणे यांतले काहीही झाले, तर फोनाफोनीत वेळ न घालवता १०८ ला बोलवावे किंवा थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात न्यावे.

आता बाटल्यांविषयी. बहुतेक रुग्ण मोठ्या अक्षरांतले कंपनीचे नाव लक्षात ठेवतात. औषधाचे खरे नाव त्याखाली बारीक अक्षरांत असते. एकच औषध कितीतरी नावांनी विकले जाते, आणि एका फार्मसीत साठा नसला की दुसऱ्या नावाची बाटली मिळते. मग ती नवी समजून जुनीच्या शेजारी ठेवली जाते. वीसेक वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला उभा राहून मी हेच पाहत आलो. टोपणाच्या रंगावरही विसंबू नये. चष्मा लावून, खिडकीपाशी उजेडात, ‘टिमोलॉल मॅलिएट’ हे शब्द घरातल्या किती बाटल्यांवर आहेत ते एकदा शोधून पाहावे.

५ मिलिलिटरच्या बाटलीत साधारणपणे १०० थेंब निघतात. थेंबाचा आकार प्रत्येक बाटलीगणिक थोडा बदलतो. दोन डोळे, दिवसातून दोन वेळा, म्हणजे रोजचे ४ थेंब धरले तर बाटली २५ दिवसांच्या आसपास संपायला हवी. ती १५ दिवसांत संपत असेल तर थेंब गालावर जात आहेत किंवा एकाऐवजी दोन-तीन पडत आहेत, आणि दोन महिने पुरत असेल तर कितीतरी वेळा थेंब घालायचेच राहून जात आहे. शिवाय फोडल्यापासून चार आठवड्यांनी उरलेले औषध फेकून द्यायचे असते, म्हणून फोडल्याची तारीख बाटलीवरच लिहावी.

लॅटानोप्रोस्ट आणि टिमोलॉल यांच्या जोडीसारख्या काही बाटल्या फोडण्यापूर्वी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात आणि फोडल्यावर २५ अंशांपर्यंत चालतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरात २५ अंश कुठून येणार? अशी बाटली गोव्यात बाराही महिने फ्रिजच्या दारातच ठेवलेली बरी, फ्रीझरमध्ये मात्र कधीही नाही. आपल्या सासूबाईंच्या बाटलीला फ्रिज लागत नाही, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतले ऊन किंवा उभ्या गाडीचा डॅशबोर्ड तिलाही सोसत नाही.

साखळीकर

मी स्वतः याच जोडीचे थेंब गेली काही वर्षे घालत आहे. औषधाविषयी वरील काकांनी सविस्तर लिहिलेच आहे, म्हणून मी केवळ थेंब घालण्याच्या पद्धतीविषयी लिहितो, कारण ती कोणी बसून शिकवत नाही.

हात धुवावेत, उशी न घेता आडवे व्हावे, एका बोटाने खालची पापणी ओढून तिथे खळगा करावा आणि बाटलीचे तोंड पापणीला किंवा बुबुळाला न टेकवता वरून एकच थेंब सोडावा. पापणीच्या आत जेमतेम ३० मायक्रोलिटर द्रव मावतो आणि एक थेंब बहुधा त्याहून मोठाच असतो, त्यामुळे ‘नीट पडला की नाही कोण जाणे’ म्हणून सोडलेला दुसरा थेंब गालावरच ओघळतो. पहिला नक्की चुकला असेल तरच दुसरा घालावा. थेंब पडल्यावर डोळा हलकेच मिटायचा. डोळे मिचकावायचे नाहीत आणि घट्ट आवळायचेही नाहीत. मग नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा बोटाच्या टोकाने दोन-तीन मिनिटे दाबून धरायचा. तिथून एक बारीक नळी नाकात उतरते, आणि थेंब त्या वाटेने गेला तर डोळ्याला मिळायचे औषध रक्तात जाते. डॉर्झोलामाइड घातल्यावर थोड्या वेळाने तोंड कडू होते ते याचमुळे. मी कोपरा नीट दाबून धरला तर कडवटपणा जवळजवळ येत नाही, त्यामुळे दाब योग्य जागी बसला की नाही हे मला जिभेवरूनच कळते. सुरुवातीला काही क्षण डोळे चुरचुरतात, त्याने घाबरू नये.

वेळेच्या बाबतीत घड्याळापेक्षा घरातला नेम उपयोगी पडतो. दोन मात्रांमध्ये साधारण १२ तासांचे अंतर हवे असते. सकाळची आंघोळ आणि दिवेलागण या दोन वेळा त्यात चपखल बसतात. एखादी वेळ चुकली तर आठवण होताच थेंब घालावा, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दोन्ही मिळून एकदम घालू नयेत. सासूबाईंचे हात थरथरत असतील तर घरातल्या दुसऱ्या कोणी थेंब घालावेत. हट्टी माणसांना ते पटायला वेळ लागतो, एवढे खरे.

पेडण्याचा_वाचक

एक शंका विचारतो. माझ्या वडिलांचे प्रेशर थेंबांमुळे १५ वर आले आहे. मग आता थेंब थोडे दिवस बंद ठेवून पाहायला काय हरकत आहे? चवथीला घरात माणसे असतात तेव्हा त्यांचे थेंब तसेही राहतात आणि त्यांना काही त्रास जाणवत नाही. आमच्या वाड्यावर एक गृहस्थ डोळ्यांत मध घालतात आणि त्याने प्रेशर कह्यात राहते असे ठामपणे सांगतात.

नेत्रवैद्य_पणजी

मी नेत्रतज्ज्ञ आहे. रुग्णाला न पाहता कोणाचेही औषध बदलण्याचा सल्ला मी देणार नाही, परंतु या चर्चेतले काही मुद्दे स्पष्ट करणे आवश्यक वाटते.

आधी पेडण्याच्या वाचकांना. आपल्या वडिलांचे प्रेशर १५ आहे ते थेंबांमुळे आहे. थेंब थांबवले की औषधाचा अंमल ओसरतो आणि प्रेशर पुन्हा चढते, आणि चढलेले प्रेशर रुग्णाला जाणवत नाही. ‘काही त्रास जाणवत नाही’ हे आपले वाक्य काचबिंदूच्या बहुसंख्य रुग्णांना लागू पडते, आणि नजर कडेकडेने कमी होत जाते ती याच काळात. डोळ्याच्या नसेतले एकदा सुकलेले मज्जातंतू कोणत्याही औषधाने परत येत नाहीत. मधाविषयी एवढेच सांगतो की बाजारातला मध निर्जंतुक नसतो आणि तो डोळ्यांत घालणे म्हणजे जंतुसंसर्गाला बोलावणे आहे. त्या गृहस्थांचे प्रेशर शेवटचे कधी आणि कोणत्या मशीनवर मोजले होते, ते मात्र अवश्य विचारा.

आता मूळ प्रश्न. डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होतो आणि कडेच्या जाळीतून वाहून जातो; त्याची आवक आणि निचरा यांचा मेळ बिघडला की प्रेशर वाढते. टिमोलॉल आणि डॉर्झोलामाइड दोन्ही आवक कमी करतात, पण वेगवेगळ्या वाटांनी, म्हणूनच त्यांची जोडी एकट्या औषधापेक्षा अधिक उपयोगी ठरते. लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट ही औषधे निचरा वाढवतात, तर ब्रिमोनिडीन दोन्ही बाजूंनी थोडे थोडे काम करते. दोन औषधे एकाच बाटलीत आल्याने थेंब कमी घालावे लागतात, डोळ्यांना चुरचुरवणारे प्रिझर्व्हेटिव्ह कमी जाते आणि पहिला थेंब दुसऱ्याने धुऊन जाण्याचा प्रश्न उरत नाही. गैरसोय अशी की दोहोंपैकी एकाचा त्रास झाला तर संपूर्ण बाटलीच बदलावी लागते. आणखी एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. लॅटानोप्रोस्ट आणि टिमोलॉल यांचे कॉम्बिनेशन दिवसातून एकदाच घालायचे असते. अधिक फायद्याच्या आशेने ते दोनदा घातले तर लॅटानोप्रोस्टचा गुण उलट कमी होतो.

टिमोलॉलचे थेंब १९७८ पासून वापरात आहेत आणि औषध चांगले आहे, परंतु ते डोळ्यात घालायचे आहे एवढ्यावरून त्याला निरुपद्रवी समजणे योग्य नाही. ०.५ टक्क्याच्या एका मोठ्या थेंबात सुमारे पाव मिलिग्रॅम टिमोलॉल असते. गोळीच्या तुलनेत हे प्रमाण किरकोळ वाटेल, पण गोळीतले औषध आधी यकृतात जाऊन बरेचसे निकामी होते, तर नाकाच्या अस्तरातून शोषलेले औषध यकृताला वळसा घालून सरळ रक्तात पोहोचते. दमा असलेल्या किंवा पूर्वी होऊन गेलेल्या माणसाला, गंभीर सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार), हृदयाचे ठोके मुळातच मंद असणे, हार्ट ब्लॉक (ठोक्यांचा विद्युत संदेश हृदयात अडणे) किंवा आटोक्यात नसलेले हार्ट फेल्युअर असलेल्यांना टिमोलॉल देत नाहीत, मग ते एकटे असो वा जोडीत. म्हणून त्या महिनाभर न सुटणाऱ्या खोकल्याचा उल्लेख डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे जरूर झाला पाहिजे. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम घेणाऱ्यांनीही तसे सांगावे, कारण त्या गोळ्याही ठोके मंदावतात. मधुमेहींमध्ये साखर एकदम उतरल्यावर होणारी धडधड आणि हातांची थरथर टिमोलॉलमुळे झाकली जाऊ शकते. इन्शुलिन घेणाऱ्याच्या घरच्यांना हे ठाऊक असणे मी फार महत्त्वाचे मानतो.

जोडीतल्या दुसऱ्या औषधाचेही स्वतःचे पथ्य असते. डॉर्झोलामाइड आणि ब्रिंझोलामाइड सल्फा वर्गातली आहेत. सल्फाच्या गोळीने अंगावर तीव्र प्रतिक्रिया आलेली असेल किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल तर आधी सांगावे. ब्रिमोनिडीनने काहींना झोप आणि तोंडाला कोरड येते, आणि काही महिन्यांनंतर डोळे लाल होऊन खाजू लागणे ही त्याची नेहमी दिसणारी ॲलर्जी आहे. दोन वर्षांखालील मुलांना ते मुळीच घालू नये, म्हणून अशी बाटली नातवंडांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

टिमोलॉल चालत नसेल तर मार्ग खुंटला असे नाही. ब्रिंझोलामाइड आणि ब्रिमोनिडीन यांची टिमोलॉलरहित जोडी आहे, रात्री एकदा घालायची लॅटानोप्रोस्टसारखी औषधे आहेत, आणि योग्य रुग्णांत एसएलटी हा लेसरही आहे. ब्रिटनमध्ये नव्याने निदान झालेल्या रुग्णांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, आरंभीच लेसर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज लागली नव्हती. सासूबाईंचा काचबिंदू जुना आहे, त्यामुळे तो आकडा त्यांना जसाच्या तसा लागू होणार नाही, पण विचारण्यात काहीच गैर नाही.

आणि प्रेशर केवळ २१ च्या, म्हणजे सर्वसाधारण मानल्या जाणाऱ्या मर्यादेच्या आत आले म्हणजे झाले, असेही समजू नये. कोणाला किती प्रेशर सोसते हे त्याच्या नसेची अवस्था पाहून ठरते. फील्डमध्ये घट दिसू लागलेल्या डोळ्यासाठी आम्ही लक्ष्य आणखी खाली ठेवतो. स्वीडनमधल्या एका दीर्घ अभ्यासात प्रेशर पाऱ्याच्या १ मिलिमीटरने (म्हणजे मोजणीच्या आकड्यात एकने) उतरले की काचबिंदू पुढे सरकण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटतो असे दिसले होते. म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळचे थेंब नेहमीप्रमाणे घालूनच यावे, डॉक्टरांनी मुद्दाम वेगळे सांगितले नसेल तर. कित्येक जण ‘खरे प्रेशर कळावे’ म्हणून त्या दिवशी थेंब टाळून येतात आणि मग औषध लागू पडत नाही असा चुकीचा निष्कर्ष आमच्या हाती येतो.

शिरोड्याची_सून

सर्वांचे मनापासून आभार. त्याच संध्याकाळी दवाखान्यात फोन केला आणि डॉक्टरांनी नुसत्या टिमोलॉलची बाटली लगेच बंद करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी फिजिशियनने ईसीजी काढला. हार्ट ब्लॉक नाही, ठोके तेवढे मंद आहेत. खोकल्याचे ऐकल्यावर फुंकर मारण्याची तपासणीही त्यांनी करून घेतली आणि तिचा निकाल पाहून टिमोलॉल नकोच असे ठरले. दोन्ही डॉक्टरांचे आपसांत बोलणे होऊन आता ब्रिंझोलामाइड आणि ब्रिमोनिडीन यांची जोडी दिली आहे, मेटोप्रोलॉलची मात्राही कमी केली आहे. नाडी ६४ पर्यंत आली आहे आणि सासूबाई पुन्हा तुळशीपाशी स्वतः जाऊ लागल्या आहेत. यजमानांनी उन्हाळ्याचा विषय पुन्हा काढलेला नाही.

एकच विचारायचे राहिले. डोळे कोरडे पडतात म्हणून त्या कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री एक जेल वापरतात. ते आधी घालावे की काचबिंदूचे औषध आधी?

जुना_फार्मासिस्ट_म्हापसा

काचबिंदूचे औषध आधी, मग दहा मिनिटे थांबून कृत्रिम अश्रू, आणि जेल सर्वांत शेवटी, कारण जेल आधी घातले तर पुढचा थेंब आत पोहोचायला अडथळा होतो. ही नवी बाटली प्रत्येक वेळी चांगली हलवून घ्यायला सांगा; तिच्यातले औषध पाण्यात पूर्ण विरघळलेले नसते, तळाशी बसते. ब्रिमोनिडीननेही क्वचित रक्तदाब उतरतो, तेव्हा पहिले काही दिवस अंथरुणातून उठताना त्यांनी आधी थोडे बसून मगच उभे राहावे, आणि मशीनवरचे आकडे आपण वहीत लिहून पुढच्या तपासणीला न्यावेत. टिमोलॉलची उरलेली बाटली फ्रिजमध्ये किंवा देवघराच्या फळीवर पडून असेल तर आजच टाकून द्या.